चिंबोरीचा बावटा

आमच्या खाजणबंदरावर नवखा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, हे एवढे झेंडे कसले?" अहो, झेंडे नव्हेत ते, बावटे! एका घराण्याचा एक बावटा. कापडाचा रंग ठरलेला, त्यावरची खूण ठरलेली, आणि त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही. हर्ण्याच्या खालच्या अंगाला आमचं हे लहानसं बंदर. धक्का नाही, त्यामुळे बोटी पाण्यात लांब उभ्या राहतात आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात घालाव्या लागतात. संध्याकाळी बोटी परतायला लागल्या की लांबून सगळ्या सारख्या. नाव वाचता येत नाही, नंबर तर नाकाला नाक लागल्याशिवाय दिसत नाही. दिसतो तो बावटा. निळ्यावर पांढरा बगळा दिसला की दाजींची बोट. लाल कापडावर जोडशंख दिसले की सोनूबाईच्या मुलांची. मग त्या त्या घरच्या बाया टोपल्या घेऊन पुढे होतात, गाडीवान बैलांना हाकारतो, आणि लिलावाची जागा धरायला धक्काबुक्की सुरू होते.

आमचा बावटा पिवळा, त्यावर काळी चिंबोरी, म्हणजे तुमचा खेकडा. ती कशी आली तेही ऐका. माझ्या पणजोबांच्या पायावर डोलकाठी पडली आणि पाय वाकडा जुळला. तेव्हापासून ते तिरके चालत. लोकांना तेवढंच निमित्त, चिंबोऱ्या म्हणून चिडवायला लागले. आमच्या घरातली माणसं तापट, पण डोकं जागेवर असलेली. पणजोबांनी काय करावं? पणजीचं पिवळं लुगडं घेतलं, बोटीला लावायच्या डांबराने त्यावर ही मोठी चिंबोरी काढली आणि दिली काठीला बांधून. म्हणाले, "घ्या, आता लांबूनच चिडवा." त्यानंतर चिडवायची कुणाची टाप झाली नाही. लुगडं फाटलं म्हणून पणजीने आठवडाभर अबोला धरला होता असंही सांगतात, पण बावटा राहिला तो राहिलाच.

मी राजश्री, केरू तांडेलांची एकुलती एक मुलगी. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून बोट माझ्या नावावर आहे. समुद्रावर नवरा जातो, किनारा मी सांभाळते. नवरा, सदू, दापोलीच्या वरच्या अंगाच्या गावातला, भातशेतीवाल्यांच्या घरचा. खलाशी म्हणून आमच्या बोटीवर आला आणि मला आवडला. लग्नाच्या वेळी दोन्हीकडची माणसं तोंड फिरवून बसली होती, पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. आता बोट चालवणारा आमचा तांडेल तोच आहे, आणि सगळं बंदर सांगेल की त्याच्याइतकी मासळीची जाण भल्याभल्यांना नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर तो घोरतो फार.

तर गेल्या वर्षी रत्नागिरीहून निरोप आला की जिल्ह्यातल्या सगळ्या बंदरांचा मेळावा भरणार आहे आणि प्रत्येक बंदराने आपलं स्वतःचं एक निशाण आणायचं. एका घराण्याचं नाही, अख्ख्या बंदराचं. आमची माणसं अशी फुगली म्हणता! दाजी आमच्या मच्छीमार सोसायटीचे म्होरके. सत्तरी उलटलेली, आवाज कधी चढवणार नाहीत, पण त्यांनी नुसतं खाकरलं तरी मंडप गप्प होतो. त्यांच्या पुतण्याचा मुलगा ऋत्विक मुंबईत असलीच कामं करतो, चिन्हं आणि निशाणं काढायची. त्याला बोलावून घेतलं. पोरगा हुशार. घरोघरी फिरला, कुठला बावटा कसा आला ते ऐकलं, माझ्या हातची कोळंबीची आमटी दोनदा मागून घेतली, आणि पणजोबांची गोष्ट ऐकून पोट धरून हसला.

नारळी पौर्णिमेच्या आधी देवळाच्या मंडपात बैठक झाली. ऋत्विकने निशाण उलगडून दाखवलं. खरं सांगते, छान होतं. वर आभाळाचा निळा, खाली पांढरा, मधे एक लाट, आणि तिच्यावर गोल करून सगळ्या घराण्यांच्या खुणा. बगळा होता, जोडशंख होते, सुरमई होती, नांगर होता, माडाचं झाड होतं. माझा ऊर भरून आला. मी गोलावरून एकदा नजर फिरवली. मग पुन्हा फिरवली.

"ऋत्विक," मी उभी राहिले, "चिंबोरी कुठाय?"

पोराने खाली मान घातली. "काकी, मी काढली होती..."

"त्याला नको विचारू," दाजी म्हणाले, "मला विचार. मी पुसायला लावली."

"का?"

"बावटा बापाकडून मुलाकडे जातो. मुलगी सासरच्या बावट्याखाली जाते. ही काय आज काढलेली रीत नाही. केरू आहे तोवर चिंबोरी आहे, त्याच्यामागे नाही. हे निशाण आपल्या नातवंडांच्या नातवंडांसाठी आहे, पोरी. जी खूण पुढे चालणार नाही ती त्यात कशी घालू?"

"चालणार नाही? गेल्या हंगामापर्यंत चालत होती, या हंगामात बोट जाईल तेव्हाही चालेल! बोट माझी आहे दाजी."

"बोट तुझी. कोण नाही म्हणतो? बावटा तुझा नाही. तू सासरचा लाव."

"सासरी भात पिकतं! काय लावू काठीला, पेंढा?"

मंडपात हशा पिकला. मागे खलाशांमध्ये सदू बसला होता, तोही हसला मेला. दाजी मात्र हसले नाहीत.

"मग तुला बावटाच नाही," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी शांतपणे. पाणी खारं आहे हे सांगावं तसं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "दाजी, तो बावटा आला कुठून? लुगड्यातून. लुगडं कुणाचं? बाईचं!"

"लुगडं बाईचं, बोट बाप्याची."

"वर काठीला लुगडं फडकतं दाजी, बोट नाही फडकत!"

बायांच्या बाजूने सोनूबाई म्हणाली, "खरं बोलली हो." सोनूबाई आमच्याकडची सगळ्यात जुनी लिलाववाली, तिचा आवाज समुद्रावर निम्म्या वाटेपर्यंत जातो. पण बाप्यांच्या बाजूने कुणी हूं की चूं केलं नाही. दाजींनी खाकरलं आणि विषय संपला. ठरलं असं की पौर्णिमेनंतर हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या बोटींनी आपापले बावटे उतरवून एकच नवं निशाण लावायचं. मेळाव्यासाठी फोटो काढायचे होते, म्हणून सगळ्या बोटींना रंगही एकच काढायचा, पांढरा आणि निळा. ज्याची खूण निशाणात आहे त्याला निशाण मिळणार. माझी नव्हती, तेव्हा मला निशाण नाही. रंगसुद्धा नाही.

घरी आले तेव्हा बाबा पडवीत जाळं शिवत बसले होते. गुडघे गेले तरी हात गेले नाहीत त्यांचे. मी सगळं सांगितलं. मधेमधे दाजींचा उद्धारही केला. बाबांनी सुई थांबवली नाही.

"जाऊ दे गो," ते म्हणाले. "दाजी काय खोटं बोलला? रीत हाय ती."

"तुमची खूण पुसली त्यांनी, बाबा! आणि तुम्ही म्हणता जाऊ दे?"

"मग काय करू? भांडू?"

"हो! भांडा!"

"भांडायला तू हायस की," म्हणाले आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

मला इतकं लागलं ते! ज्या माणसाने आयुष्यभर त्या चिंबोरीखाली समुद्र पालथा घातला, त्याला काहीच वाटू नये? मी आत जाऊन भांडी आपटली. सदू म्हणाला, "अगं, मला जाळ्यात मासा दिसला की झालं. काठीला काय बांधलंय ते बघायला मान वर करायला वेळ कुणाला असतो?" त्यालाही चार शब्द ऐकवले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडून दापोलीला गेले आणि पिवळं कापड आणलं, चांगलं जाड. जुना बावटा उन्हाने विटला होता. नवा मीच शिवला, चिंबोरी काळ्या कापडाची कापून वर बसवली. नांग्या जरा जास्तच मोठ्या झाल्या. होऊ देत म्हटलं. निशाण दिलं नाही ना मला, मग मी आपला बावटा लावणार. त्याला दाजींची बंदी नव्हती. बंदी करायला त्यांच्या ते ध्यानातसुद्धा आलं नसेल.

आता आमच्याकडे अशी रीत आहे की हंगामाच्या पहिल्या दिवशी बावटा घरच्या कर्त्याने आपल्या हाताने बांधायचा. खलाशाने नाही, शेजाऱ्याने नाही. गुडघे दुखायला लागल्यावरही बाबांनी कधी चुकवलं नव्हतं. सदू त्यांना बैलगाडीत बसवून पाण्यातून बोटीपर्यंत न्यायचा, ते वर चढायचे आणि बावटा बांधून खाली यायचे. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहून झाला, आणि पहाटे मी घडी घातलेला बावटा बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"चला."

त्यांनी कापड हातात घेतलं, उलगडून पाहिलं, नांग्यांवरून अंगठा फिरवला. मग घडी घालून मला परत दिलं.

"मी नाय बांधणार."

"म्हणजे?"

"नाय बांधणार म्हणजे नाय बांधणार."

"मग कोण बांधणार? सदूला सांगू?"

"सदू घरचा कर्ता हाय? तू बांध."

मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण रागाने रडू मागे सारलं. मला वाटलं, दाजींना घाबरले. बंदराने नाकारलेली खूण आपल्या हाताने लावायची लाज वाटली त्यांना. "बरं," म्हटलं, "नका येऊ!" पदर खोचला, बाबल्या गाडीवानाची गाडी गाठली आणि निघाले. बाबल्या बिचारा बैलांना हाकत सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बोटीवर चढले तेव्हा शेजारच्या बोटींवरची दोन-चार तोंडं वाकडी झाली, कारण बाईने बोटीवर चढून बावटा बांधलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. मी त्यांच्याकडे बघून गाठ अशी आवळली की सदू म्हणाला, "पुढच्या वर्षी सोडायची आहे ती, कापायची नाही."

बोटी निघाल्या. सगळ्यांच्या काठीला नवं निशाण, सगळ्या पांढऱ्या-निळ्या, आणि त्यात आमची एकटी जुन्या तपकिरी रंगाची, वर पिवळा बावटा. ऋत्विकने फोटो काढले. माझी बोट त्याने फोटोत येऊ दिली की नाही कोण जाणे. पण किनाऱ्यावर उभी राहून बघताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पंगतीतून उठवल्यासारखं झालं मला.

पहिल्या दिवशी कुणी लांब जात नाही. संध्याकाळी सगळ्या बोटी परततात आणि हंगामाचा पहिला लिलाव होतो. त्या दिवशी दापोलीचे आणि चिपळूणचेही व्यापारी आले होते. आभाळ झाकळलेलं, उजेड उतरत चाललेला. आम्ही बाया टोपल्या घेऊन उभ्या. आणि क्षितिजावर पहिली बोट दिसली.

"कुणाची गो?" कुणीतरी विचारलं.

सोनूबाईने डोळ्यांवर हात धरला. "निशाण हाय..."

"कुणाचं?"

"बंदराचं."

मागून दुसरी आली. तिच्यावरही बंदराचं. मग तिसरी, मग एकदम पाच-सहा. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या निळ्या, सगळ्यांवर तीच लाट आणि तोच गोल. गोलातल्या खुणा म्हणाल तर लांबून एकही दिसत नव्हती. बाया एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला की अरे देवा, हे आपण काय करून बसलो!

बाबल्याने गाडी पाण्यात घातली आणि दाजींची बोट समजून भलत्याच बोटीला लावली. दाजींच्या बोटीकडे तिसऱ्याचीच गाडी गेली. प्रत्येक जण मोबाइल कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत होता, बोटींवर इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं. मासळी किनाऱ्यावर येऊन पडायला लागली. कुणाची ते कुणालाच माहीत नाही. सोनूबाई जोडशंखांची कोळंबी म्हणून लिलाव पुकारत होती, आणि ती निघाली माडवाल्यांची. माडवाल्यांच्या दोघी सुना धावून आल्या. टोपली इकडून ओढली, तिकडून ओढली, कोळंबी वाळूत सांडली. सगळ्यात मजा म्हणजे दाजींचे पापलेट. हे मोठाले पापलेट दुसऱ्याच कुणाच्या नावाने विकले गेले आणि टेम्पोत चढलेसुद्धा! दाजी वाळूत उभे, आणि पहिल्यांदाच मी त्यांना ओरडताना ऐकलं, "अरे, माझे हायत ते! उतरवा!" टेम्पोवाला म्हणाला, "कशावरून?"

मला हसू आवरेना. आवरायचं मनातही नव्हतं.

तेवढ्यात सोनूबाईचा आवाज चढला, सगळ्या गोंगाटावरून, "राजश्रीचा बावटा आला रे! पिवळा! राजश्रीचा!"

पाहिलं तर खरंच. त्या सगळ्या पांढऱ्या-निळ्या गर्दीत आमची पिवळी चिंबोरी. नांग्यासुद्धा दिसत होत्या. माणसं ओरडायला लागली, "राजश्रीचा बावटा! तिथे गाडी ने, राजश्रीच्या बोटीला!" मी म्हटलं, "अगो, माझा कसला, बाबांचा म्हणा!" पण ऐकतंय कोण?

आमची मासळी सरळ माझ्यापुढे येऊन पडली आणि हातोहात विकली गेली. व्यापारी तर म्हणाले, या एका टोपलीत कुणाची भानगड नाही. मी जागेवर आरामात टेकले. मग एकेक जण यायला लागला. "राजश्री, सदूला विचार ना, त्याच्या शेजारी कोण उभा आहे?" बोट तिथे पाण्यात असताना सदूला शेजारच्या बोटी ओळखता येतच होत्या. आणि आमची बोट किनाऱ्यावरून सगळ्यांना दिसत होती. तेवढं एकच ठिकाण सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मला बावटाच नाही, मी काय सांगणार?"

दाजी समोरच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. मला ते बघून बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"ए भवाने!" सोनूबाई खेकसली. "तुझं भांडण दाजीशी, मासळीने काय घोडं मारलंय? नासतेय ती! ऊठ!"

उठले. सदूला फोन लावला, तो इंजिनापासून लांब, पुढच्या टोकाला जाऊन बोलला आणि मी किनाऱ्यावरून पुकारायला लागले. "पिवळ्याच्या उजव्या हाताला सोनूबाईची! तिच्या पलीकडे माडवाले! बाबल्या, पिवळ्याच्या मागे जा, मागे, दाजींची आहे ती!" गाड्या वळल्या. ज्याची मासळी त्याच्यापुढे यायला लागली. दाजींच्या पापलेटांचा टेम्पो नाक्यावर अडवला तोही मीच, चिपळूणच्या व्यापाऱ्याला चार शब्द सुनावून. काळोख पडेपर्यंत सगळं बंदर माझ्या बावट्याच्या डाव्या-उजव्या हाताने चाललं होतं. घसा बसला माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आमच्या पडवीत आले. बरोबर ऋत्विक. दाजी आमच्याकडे कित्येक वर्षांनी आले होते. मी पाट मांडला, चहा ठेवला. बाबा जाळं बाजूला सारून बसले.

"केरू," दाजी म्हणाले, "बोटींवर आपापले बावटेच बरे. काल अक्कल आली. निशाण किनाऱ्यावर लावू, देवळापुढे उंच काठी उभारून. मेळाव्याला तेच नेऊ. आणि चिंबोरी त्यात घालतो. ऋत्विक नवीन करतोय. तुझ्या नावाने घालतो."

मी दाजींपुढे चहा ठेवला, दुसरी कपबशी हातातच राहिली. जिंकलो होतो आम्ही! एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

"नको," बाबा म्हणाले.

"काय नको?"

"माझ्या नावाने नको. घालायची तर राजश्रीच्या नावाने घाल."

दाजी म्हणाले, "केरू, मी तुझी खूण घालतोय ते पुष्कळ वाकून घालतोय. मुलीच्या नावाने बावटा आपल्या बंदरात कधी झाला नाही."

"मग नको घालू."

"बाबा!" मी किंचाळलेच. "वेड लागलं का तुम्हाला? एवढं हातात आलेलं घालवताय! दाजी, तुम्ही ऐकू नका यांचं. यांच्याच नावाने घाला, मी सांगते."

"तू जरा गप ऱ्हा," बाबा म्हणाले. मला गप राहा म्हणायची हिंमत त्या घरात फक्त त्यांचीच. मग ते दाजींना म्हणाले, "काल बंदरावर माणसं कुणाचा बावटा म्हणून ओरडत होती? मी इथे पडवीत बसून ऐकलं. केरूचा म्हणून एक तरी ओरडला?"

"नाही," दाजींना म्हणावं लागलं.

"का ओरडेल? मी कुठे होतो? मी घरात होतो."

"पण तुम्ही यायला नाही म्हणालात!" मी म्हटलं. "मी पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं, बाबा. तुम्ही बावटा बांधायला आला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला लाज वाटली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"मी बांधला असता तर तो केरूचाच राहिला असता गो. मी मेलो की दाजी म्हणाला असता, संपला. तो तू बांधलास. सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हाताने. आता कुणी म्हणो की नाय, तो तुझा हाय."

मी रडले. दाजींच्या समोर, ऋत्विकच्या समोर, हातातली कपबशी तशीच धरून रडले. इतके दिवस मी ज्याच्यासाठी भांडत होते ते बाबांनी केव्हाच मला देऊन टाकलं होतं, आणि वर शिव्या मात्र मी त्यांनाच घालत होते. "आधी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"तू बोलू दिलंस का?" बाबा म्हणाले. आतल्या खोलीत सदू हसला.

दाजींनी चहा बशीत ओतला, सावकाश प्यायले. कप खाली ठेवला. ऋत्विककडे पाहिलं आणि म्हणाले, "नांग्या जरा मोठ्या काढ. हिच्यासारख्या." मग उठले. दारात थांबून बाबांना म्हणाले, "पंधरा दिवसांनी काठी उभी राहील. प्रत्येक घरचा कर्ता एकेकदा दोरी ओढणार. तू येऊ नकोस, केरू. हिला पाठव."

देवळापुढे काठी उभी राहिली त्या दिवशी दाजींनी एकेक घराणं पुकारलं. माझी पाळी आली तेव्हा ते "राजश्री" एवढंच म्हणाले. मागे बापाचं नाव नाही, पुढे नवऱ्याचं नाही. मी दोरीला हात घातला आणि अशी ओढली, अशी ओढली की ऋत्विक धावत आला, "काकी, हळू! बाकीच्यांनाही ओढायची आहे!"